टोचणारी आई आणि लाड करणारा बाबा

चिमी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्यानंतरचा आठवडा, वारज्यात नुसती रिपरिप चाललेली, आणि आमची ही पोरगी दिवसाला पाण्याच्या चार-चार बाटल्या संपवत होती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माठाकडे. दोन वर्षं अंथरूण कोरडं असायचं ते परत ओलं व्हायला लागलं. आम्ही काय केलं, तर रागावलो. मी रागावलो, खोटं कशाला बोलू. घोडी झालीस आता, असं म्हणालो. जवळच्या डॉक्टरांनी युरीन इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांचं औषध दिलं. वजन कमी झालेलं दिसत होतं पण पावसाळ्यात पोरं आजारी पडतातच, भरेल नंतर, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो.

पाचव्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या, पोट दुखतंय म्हणाली आणि मग तो श्वास. खोल खोल, पळून आल्यासारखा, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा विचित्र वास. रिक्षात हिच्या मांडीवर ती अर्धवट झोपेत होती. हॉस्पिटलला कॅज्युअल्टीत बोट टोचून शुगर बघितली तर 486. मी म्हटलं मशीन बिघडलंय, परत बघा. आमच्याकडे कंपनीत रीडिंग बाहेर गेलं की आधी गेज म्हणजे मोजायचं यंत्रच तपासायचं असतं, ती सवय. त्यांनी परत बघितलं. मशीन बरोबर होतं.

तीन दिवस आयसीयू. सलाईन, इन्सुलिनचा ड्रिप, दर तासाला बोटाला टोच. डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या की हा टाइप 1 आहे, गोड खाऊन झालेला नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, का उलटते ते नक्की सांगता येत नाही पण तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. आणि इन्सुलिन पोटातून देता येत नाही, ते पचून जातं, म्हणून इंजेक्शनच. किती दिवस, असं मी विचारलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, रोज. मी दिवस विचारत होतो आणि त्या मला आयुष्य सांगत होत्या, हे कळायला मला पार्किंगपर्यंत जायला लागलं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डायबेटिस एज्युकेटर ताई आल्या शिकवायला. इन्सुलिन भरलेलं पेन, त्याची सुई, युनिट म्हणजे इन्सुलिनचं माप कसं फिरवायचं, आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचे, मग टोचायचं, बटण दाबायचं आणि दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर. दोघांनी एकेकदा करून दाखवा म्हणाल्या. हिने केलं. हात थरथरत होते पण केलं. माझी वेळ आली तेव्हा मला फोन आला. म्हणजे फोन खरंच आला होता, पण बँकेचा होता, कर्ज पाहिजे का विचारणारा, आणि मी त्या माणसाशी कॉरिडॉरमध्ये सात मिनिटं बोललो. आयुष्यात कधी त्या लोकांशी सात सेकंद बोललेलो नाही.

तर अशी सुरुवात झाली आमच्या घरातल्या वाटणीची.

मी शिवण्याला एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर, व्हर्नियर, पास, रिजेक्ट. म्हणून हिशोबाचं काम मी घेतलं. वही केली, रकाने आखले, सकाळची शुगर, नाष्ट्याआधी किती युनिट, पोळी किती, भात किती, झोपताना किती. दिवसाला चार इंजेक्शनं, तीन जेवणाआधीची आणि एक रात्रीचं लांब चालणारं. बोटाला सहा वेळा. वर्षाची 1460 इंजेक्शनं आणि 2190 टोच बोटांना, हे मी पहिल्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर काढलं आणि पान फाडून टाकलं. औषध आणणं मी, फ्रिजमधला खण मी लावला, वापरलेल्या सुया फॅब्रिक कंडिशनरच्या रिकाम्या जाड बाटलीत टाकायच्या आणि बाटली बंद करून वेगळी द्यायची म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या हाताला लागणार नाही, हेही मीच बघितलं. सगळं मी केलं. फक्त टोचायचं हिने.

कुणी ठरवलं नव्हतं. सकाळी माझी आंघोळ नेमकी त्याच वेळेला असायची. रात्री नेमका मी खाली गाडी नीट लावायला जायचो. आणि घरात असलो तर माझा रोल ठरलेला होता. टोचून झालं, चिमी भोकाड पसरते, की मी येणार, तिला उचलून घेणार, झालं झालं झालं, चल आपण गॅलरीतून बसेस मोजू. स्टिकर आणायचो, पाठीवर घेऊन घोडा घोडा करायचो. लाडका बाबा. एकदा तिला कडेवर घेऊन मी चक्क म्हणालो, आईने टोचलं ना माझ्या बाळाला. सहज तोंडातून गेलं. ही तिथेच उभी होती, सुई पेनमधून काढत होती.

दुपारच्या इंजेक्शनला ही शाळेत जायची. शाळेचं नाव नको, पण तिथे आम्ही जबाबदारी घेणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, म्हणून ही रोज बारा वाजता स्कूटरवर रेनकोट घालून, आणि ऑफिसच्या एका खोलीत पोरीला टोचून परत. हिने त्यासाठी क्लासमधली शिकवायची नोकरी सोडली. तेव्हा आम्ही म्हणायचो की काही दिवसांपुरती सोडली.

बाहेरच्यांचं तर काय सांगू. लहान मुलांना कुठे असतं का डायबेटिस, चॉकलेटं फार दिली तुम्ही. माझ्या आईने तर आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मग कुणाचा तरी काढा सुचवला, इन्सुलिनची सवय लागते म्हणे. मी तिला सांगितलं की आई, सवय नाही, नसेल तर परत तीच उलटी, तोच श्वास, तोच आयसीयू. मग ती गप्प झाली आणि स्वतःच शेंगदाण्याचे लाडू कमी गोड करायला लागली, तिची पद्धत. पण सगळ्यात जास्त त्रास एका वेगळ्याच गोष्टीचा झाला. आपल्याकडे पोरांना सुईची भीती घालायची किती सवय आहे हे मला तोपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. नीट जेव नाहीतर डॉक्टरकाका टुच्ची करतील. शेजारच्या काकू त्यांच्या नातवाला असं म्हणाल्या आणि चिमी समोर उभी, तिने मला घरी येऊन विचारलं, मी काय केलं होतं? म्हणजे तिच्या डोक्यात ती शिक्षा होती. रोज चार वेळा, काय केलं ते न सांगता दिलेली शिक्षा, आणि देणारी आई.

गणपतीत जरा बरं गेलं. उकडीच्या मोदकाचे कार्ब, म्हणजे त्यातली कर्बोदकं, काढायला हिने स्वयंपाकघरातल्या काट्यावर पारी वेगळी आणि सारण वेगळं तोललं, मी वहीत लिहिलं, पोरगी पाटावर बसून बघत होती आणि एकदम म्हणाली, बाप्पा एकवीस खातो, त्याला किती युनिट लागत असतील? तिघंही हसलो. कितीतरी दिवसांनी तिघं एकाच गोष्टीवर हसलो म्हणून लक्षात राहिलं.

नवरात्रात फुटलं सगळं. रात्रीची वेळ. चिमी दिवाणाखाली जाऊन बसलेली, ही खाली वाकून तिला बाहेर ओढतेय, लाथा, किंचाळणं, आणि पोरीने हिच्या मनगटाला करकचून चावा घेतला. मी दारात उभा. आणि मी म्हणालो, अगं जरा प्रेमाने कर ना.

ही उठली. मनगटावर दातांचे ठसे. माझ्याजवळ आली, पेन माझ्या हातात ठेवलं.

"घे. प्रेमाने कर."

आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं.

मी काय सांगू त्या दहा मिनिटांबद्दल. आधी मी दिवाणासमोर पालथा पडून पोरीला समजावलं, चिमे, अजिबात दुखणार नाही, बाबा करणार ना. ती लगेच बाहेर आली कारण तिला वाटलं बाबा आला म्हणजे सुटका. मांडीवर घेतलं, फ्रॉक वर केला, आणि तिने माझ्या हातातलं पेन बघितलं आणि म्हणाली,

"बाबा, तू पण?"

टोचलं मी. कसं टोचलं माहीत नाही. ती ओरडली आणि माझी बोटं सैल झाली, दहा मोजायचे ते चार मोजले असतील, सुई बाहेर आली आणि तिच्या मांडीवर इन्सुलिनचा एक थेंब चकाकत होता. आता किती गेलं आणि किती सांडलं? परत द्यायचं का? एज्युकेटर ताईंना फोन लावला, त्या म्हणाल्या परत देऊ नका, किती आत गेलंय ते आपल्याला माहीत नाही, डबल झालं तर शुगर खाली जाईल, दोन तासांनी चेक करा. दोन तासांनी 312. चिमी मला पाठ करून झोपली होती. ही काही बोलली नाही, वहीत 312 लिहिलं, बस्स. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एक नवी सुई खिशात घालून कंपनीत गेलो. लंचला सगळे गेल्यावर मायक्रोमीटरमध्ये धरली. पाकिटावर 32 गेज, 4 मिलिमीटर लिहिलेलं असतं, मोजली तर जाडी 0.23 मिलिमीटर. आम्ही रोज जे बुश नावाचे धातूचे भाग तपासतो त्यांच्या कडेला याच्यापेक्षा मोठी बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, असते आणि ती हाताला रोज लागते. रात्री बाथरूममध्ये दुसरी सुई काढून स्वतःच्या पोटाला टोचली, रिकामीच. खरं सांगतो, मुंगी चावते त्याच्याहून कमी. मग बोटाला लॅन्सेट, म्हणजे शुगर बघायला बोट टोचतात ती टोचणी, मारून बघितलं, ते मात्र झणझणलं. म्हणजे मी तीन महिने ज्याला घाबरून गाड्या पार्क करत होतो ते दुखतच नव्हतं फारसं. मग पोरगी एवढी का रडते? आणि मी का पळतो?

याचं अर्धं उत्तर मला त्याच आठवड्यात मिळालं, रात्री अडीचला. ही रोज त्या वेळेला उठून शुगर बघायची, मला माहीत होतं पण मी झोपलेला असायचो. त्या दिवशी उठलो. 48. पोरगी घामाने भिजलेली, उठवत नव्हती नीट, मान टाकत होती. 70 च्या खाली गेली की पटकन साखर द्यायची, हे वहीत मीच लाल पेनने लिहिलेलं, पण माझे हातपाय गळाले. हिने तिला बसतं केलं, हाका मारून डोळे उघडायला लावले, ती गिळतेय ना ते बघितलं आणि साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटं थांबलो, परत टोच, 63. परत पाणी, परत पंधरा मिनिटं. 91. मग एक बिस्किट, आणि पोरगी काहीच न झाल्यासारखी कुशीवर वळली.

आम्ही दोघं ओट्याला टेकून खालीच बसलो. ही म्हणाली, तुला एक सांगू, मी तिच्याजवळ गेले की ती आधी माझ्या हातात काय आहे ते बघते. वेणी घालायला गेले तरी. मग चेहऱ्याकडे बघते. आणि म्हणाली, मला सुईचं काही वाटत नाही रे आता, पण तू तिला माझ्यापासून सोडवायला येतोस ना, तेव्हा मी खरंच काहीतरी वाईट करतेय असं तिला वाटतं. आणि मलाही.

मी सॉरी म्हणालो की नाही आठवत नाही. बहुतेक नाही. आम्ही तिथेच बसून ठरवलं की सकाळ-रात्र माझी, नाष्टा तिने उठून मागितला तरी आधी मी. दुपार हिची. संध्याकाळी जो मोकळा तो. आणि जो टोचेल त्यानेच नंतर तिच्याजवळ बसायचं, दुसऱ्याने सोडवायला यायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. शेजारच्या खोलीत पोरगी बाबाऽऽ करून ओरडतेय आणि आपण भाजी निवडत बसायचं, करून बघा.

बाकी गोष्टी चुकत चुकत कळल्या. दुखणार नाही हे म्हणणं आधी बंद केलं, कारण थोडं दुखतं आणि मग आपण खोटारडे ठरतो. थोडं टोचेल, दहा आकडे, संपलं. करू का असं विचारणं बंद केलं, कारण ती नाही म्हणाली तरी करायचंच आहे. त्याऐवजी मांडी का पोट, उजवी का डावी, ते तिने सांगायचं. तशीही जागा बदलायलाच लागते, एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर तिथे गाठ येते आणि इन्सुलिन नीट लागू होत नाही. एज्युकेटर ताईंनी अजून एक सांगितलं की शुगर चांगली आली, वाईट आली असं तिच्यासमोर म्हणू नका, वर आहे खाली आहे म्हणा. मला आधी ते उगाच वाटलं. पण आजीकडे लपून चिवडा खाल्ल्यावर ती मला म्हणाली होती की आज बोट नको बघूस, वाईट येईल, ते आठवलं. मी आयुष्यभर रीडिंगला पास-फेल म्हणणारा माणूस, घरात जीभ चावायला शिकलो.

मी रडलो कधी, तर एकदाच. चौदा नोव्हेंबरला. शाळेत बालदिन, फुगे वगैरे, आणि तोच जागतिक मधुमेह दिन पण असतो हे मला तेव्हा कळलं. इन्सुलिन शोधणाऱ्या बॅंटिंगचा वाढदिवस म्हणून तो दिवस. रात्री मोबाइलवर वाचत बसलो. टोरांटोत 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. त्याआधी या पोरांना करायचं काय, तर उपाशी ठेवायचं, म्हणजे थोडे महिने जास्त निघतील. आणि 11 जानेवारीचं ते पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलंच नाही, औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. पहिला लॉट रिजेक्ट! मग कॉलिप नावाच्या माणसाने ते अजून शुद्ध केलं आणि 23 तारखेला परत दिलं, तेव्हा शुगर उतरली. मधले बारा दिवस. मी त्या मुलाच्या बापाचा विचार करत बसलो. पोरगं हाडांचा सापळा झालेलं, एक सुई फुकट गेलेली, आणि दुसरी येईल की नाही माहीत नाही. आणि माझ्या फ्रिजच्या दारात तीन महिन्यांची इन्सुलिन रांगेत उभी होती, आणि मी सुई टोचायला नको म्हणून आंघोळीला पळत होतो. तेव्हा रडलो. हिला वाटलं कुणाचा फोन आला की काय.

हे वाचून मी एकदम शूर झालो वगैरे काही नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी चिमी उठेना, मी घाई केली, तिने माझा चष्मा उडवला, मी ओरडलो, ती रडली, मीही धडपणे बोललो नाही आणि दोघं तोंड फुगवून शाळेला गेलो. असे दिवस भरपूर. पण आंघोळ मात्र मी सहा वाजता उरकायला लागलो.

मग एका रविवारी अशा मुलांच्या पालकांच्या भेटीला गेलो. तिथे एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला होता, एकोणीस वर्षांचा, बोलता बोलता टी-शर्ट जरा वर केला, पोटाला टोचलं, पेन खिशात, आणि वडापाव खायला लागला. गप्पा थांबल्या पण नाहीत त्याच्या. चिमी त्याच्याकडे बघतच राहिली. घरी येताना कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागून विचारते, दादाला त्याच्या आईने का नाही टोचलं? ही म्हणाली, तो मोठा झाला. मग मी पण मोठी होणार? हो. मग थोडा वेळ गप्प आणि मग, पण मला वडापाव पाहिजे.

त्या दिवशी युनिट मोजून वडापाव दिला.

आता दोन वर्षं झाली. ती आठची आहे. मधे काही महिने दंडाला लावायचा, शुगर दाखवणारा सेन्सर घेतला होता, चौदा दिवसांनी बदलायचा, बोटं वाचतात, पण तो स्वस्त नाही, म्हणून परीक्षा, ट्रिप, आजारपण अशा वेळेला लावतो, बाकी बोटं आहेतच. बोट ती स्वतःच टोचते, मधोमध नाही, कडेला, तिथे कमी दुखतं हे मला तिनेच सांगितलं. शाळेत नवीन बाई आल्या आहेत, त्यांनी स्वतःहून शिकून घेतलं की शुगर खाली गेल्यावर काय द्यायचं. हिने परत शिकवायला सुरुवात केली, दुपारच्या डब्यानंतरची बॅच. रडणं अजून होतं. तीन-चार आठवडे काही नाही आणि मग एखाद्या संध्याकाळी एकदम, मलाच का, सानिकाला का नाही, याचं उत्तर आमच्याकडे नाही आणि आम्ही तिला तसंच सांगतो.

परवा रात्री माझी पाळी होती. मी सगळं नीट केलं, दोन युनिट हवेत, जागा तिने सांगितली डावी मांडी, चिमटीत धरली, हळूच सुई ठेवली, हळूच दाबलं, हळू हळू दहा मोजले. मला जरा अभिमानच वाटत होता. तिने फ्रॉक खाली केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली,

"आई, उद्यापासून रात्रीचं तू कर. बाबा फार वेळ लावतो. तू पटकन करतेस."

आतून ही काही बोलली नाही. पण हसल्याचा आवाज आला.

मी सुई काढून बाटलीत टाकली आणि वहीत 118 लिहिलं.